नसलेल्या माणसाची तबकडी

आमच्या घरात दिवाळीच्या पहाटे सनई वाजते, आणि ती तशीच वाजावी असे माझेही मत आहे. पण दुपारी फराळाची भांडी विसळून झाली, मंडळी जरा आडवी झाली, की मी खोलीचे दार लोटून घेतो आणि एक इंग्रजी तबकडी लावतो. गेली चाळीसहून अधिक वर्षे हा क्रम चालू आहे. "सणासुदीचं हे काय रडगाणं!" हे वाक्य प्रथम आईच्या तोंडी होते, मग पत्नीच्या, आता सुनेच्या. तिघींनाही एकदाच काय ते उत्तर द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

तबकडीचे नाव 'विश यू वर हिअर', साल १९७५, वादक 'पिंक फ्लॉइड' हे इंग्लंडमधले चौघेजण. 'तू इथे असायला हवा होतास' हे वाक्य सहलीला गेलेला इंग्रज पोस्टकार्डावर खरडतो. आपल्या 'सर्व क्षेम'इतकेच ते झिजून गुळगुळीत झालेले आहे. मूळ वेष्टनात एक पोस्टकार्डही घातलेले होते: तळ्यात उलटा सूर मारलेला माणूस, आणि पाण्यावर तरंग मात्र एकही नाही. झिजलेल्या त्या वाक्यात पुन्हा जीव ओतणे, ही या ४४ मिनिटांची कामगिरी.

इथे नसलेला तो 'तू' म्हणजे सिड बॅरेट. या मेळ्याला नाव दिले ते त्याने. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकन गायकांच्या नावांतून. १९६७ ची पहिली तबकडी बहुतांशी त्याच्याच गाण्यांची. पुढे नशा आणि मनाचे दुखणे यांनी त्याला असे घेरले, की मंचावर उभा असूनही तो तिथे नसे. १९६८ साली सोबत्यांनी त्याला मागे ठेवले, आणि मग ते जगप्रसिद्ध झाले. या शेवटच्या वाक्याचा सल पुढच्या सगळ्या संगीतात आहे.

तबकडीचा मुख्य ऐवज म्हणजे 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' ही नऊ भागांची, सुमारे २६ मिनिटांची रचना. तिच्या आरंभी ओल्या बोटाने काचेच्या पेल्यांच्या कडा घासून काढलेला नाद रिचर्ड राइटच्या सिंथेसायझरमध्ये मिसळला आहे. आपल्या जलतरंगात काडीचा आघात असतो. इथे आघातच नाही, त्यामुळे स्वर केव्हा सुरू झाला ते कळत नाही. चारेक मिनिटांनी डेव्हिड गिल्मरची गिटार चार स्वर वाजवते आणि थांबते. पुन्हा तेच चार. पुन्हा थांबणे. मानवी आवाज कानी पडायला साडेआठ मिनिटे लोटतात. माझे काही संगीतप्रेमी मित्र याला चटकन 'आलाप' म्हणून मोकळे होतात. मला ते मान्य नाही. आलापात राग हळूहळू समोर येऊन बसतो. इथे कोणीच येत नाही. बंद दाराची कडी वाजवावी तसे ते चार स्वर आहेत, आणि आतून ओ येत नाही.

या रचनेचे दोन तुकडे करून एक आरंभी, एक अखेरीस ठेवायचा आणि मध्ये तीन गाणी घालायची, हा रॉजर वॉटर्सचा हट्ट. गिल्मरचा त्याला विरोध होता. पण वॉटर्सचेच बरोबर होते असे मला वाटते. मधल्या तिन्हींपैकी दोन गाणी संगीताच्या बाजारावर आहेत, आणि मित्राला हाक मारायची तर या बाजारातूनच जायला हवे, कारण ते स्वतःही त्यातच उभे होते. मात्र 'हॅव अ सिगार' हे त्यातले गाणे मला तितकेसे भावत नाही. रॉय हार्परने ते झकास गायले आहे, पण ज्याला वादकांची ओळखही नाही अशा दलालाची टिंगल करणे सोपे असते.

त्याच्या शेवटी मात्र एक नवल घडते. सगळा दणदणाट एकाएकी आक्रसून जुन्या रेडिओच्या खोक्यात शिरतो. काटा फिरतो, चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा एक तुकडा येऊन जातो, आणि मग लांबून, खरखरत, एक गिटार. थोड्या वेळाने दुसरी गिटार अगदी आपल्या शेजारी वाजू लागते. कोणी मुलगा खोलीत एकटा बसून रेडिओला साथ करतो आहे! रेडिओ सिलोन लावून पेटीवर बोटे फिरवलेल्या माणसाला ही जागा समजावून सांगायला नको. तबकडीचे शीर्षकगीत ते हेच.

५ जून १९७५ रोजी, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत या तबकडीचे काम चालू असताना, एक स्थूल गृहस्थ आत येऊन बसला. डोके आणि भुवया साफ भादरलेल्या. बराच वेळ कोणी त्याला ओळखले नाही. तो बॅरेट होता. ज्याच्या नसण्याचे गाणे बांधले जात होते तो त्याच खोलीत बसलेला!

ही हकीकत वाचली तेव्हा मला आमचे धाकटे काका आठवले. तबल्यावर हात फार गोड. तिशीत ते हळूहळू बोलेनासे झाले. भाऊबीजेला पाटावर बसत, आत्या ओवाळी. ताटात टाकायची नोट कोणीतरी त्यांच्या हाती देई. आणि आम्ही मुले, घरातली मोठी माणसेही, त्यांच्यादेखत म्हणायचो, "काका काय सुरेख वाजवायचे!" वाजवायचे. ते समोर बसून चकली खात असत.

बॅरेट २००६ साली गेला. काका त्याच्या खूप आधी. तबकडी मात्र वाजते आहे. नवव्या भागाच्या अगदी टोकाला, आवाज विरत असताना, राइट 'सी एमिली प्ले' या बॅरेटच्या १९६७ मधल्या गाण्याची धून शब्दांवाचून, निसटती वाजवतो. कित्येक वर्षे ती माझ्या कानातून सुटली होती. गेल्या दिवाळीत सून चहा ठेवायला आत आली आणि दारातच थबकली.

"बाबा, शेवटी काहीतरी वेगळंच वाजलं का?"

मी तिला बसायला सांगितले आणि सुई मागे ठेवली.