‘जर आणि तरच’ : एका परिभाषेची चिकित्सा

इंग्रजीतील ‘ओन्ली’ या क्रियाविशेषणाचे कार्य मराठीत पुष्कळदा ‘च’ हे अव्यय करते. ‘ओन्ली’ वाक्यात स्थान बदलते व त्याचा रोख अनेकदा आघातावरून ओळखावा लागतो. ‘च’ मात्र ज्या शब्दाला लागतो, त्यावरच बहुधा भर देतो. कोपरगावच्या कालव्याकाठची तीन वाक्ये घ्यावीत : ‘आवर्तन सुटलेच तर ऊस जगेल’, ‘आवर्तन सुटले तर ऊसच जगेल’ आणि ‘आवर्तन सुटले तरच ऊस जगेल’. पहिल्यात शंका आहे, दुसऱ्यात इतर पिकांची निराशा आणि तिसऱ्यात आवश्यक अट. संस्कृत ‘एव’चा अर्थ तो कोणत्या पदाशी जोडला यावर अवलंबून असतो, याचे विवेचन सातव्या शतकात धर्मकीर्तीने केलेच होते.

तिसऱ्या वाक्याचा तार्किक आशय एवढाच, की ऊस जगला असेल तर आवर्तन सुटले असले पाहिजे. पाणी येऊनही कीड पडून ऊस गेला, तर ते वाक्य खोटे ठरत नाही. व्यवहारात मात्र श्रोता त्यात आश्वासनही ऐकतो.

या पार्श्वभूमीवर ‘इफ अँड ओन्ली इफ’साठी गणिताच्या मराठी पुस्तकांत आढळणारी ‘जर आणि तरच’ ही संज्ञा तपासली पाहिजे. ‘त्रिकोणाच्या तिन्ही बाजू समान असतात, जर आणि तरच त्याचे तिन्ही कोन समान असतात.’ येथे ‘जर’चा अंश सांगतो, की कोन समान असल्यास बाजू समान. ‘तरच’चा अंश मराठीच्या रीतीने वाचला, तर ‘बाजू समान असतात तरच कोन समान असतात’ असा होतो. म्हणजे पुन्हा तेच विधान! इंग्रजीत ‘ओन्ली इफ’नंतर अट येते, मराठीत ‘तरच’पूर्वी. हा क्रमभेद न जाणता केलेल्या शब्दशः भाषांतरात एक दिशा दोनदा येते व दुसरी हरवते.

संज्ञा रूढ आहे, विद्यार्थी तिला चिन्हाप्रमाणे मानतो, असा आक्षेप येईल. परंतु सिद्धतेचे दोन भाग करताना त्याला चिन्ह नव्हे, वाक्यच वाचावे लागते. ‘त्रिकोणाचे तिन्ही कोन समान असतील तर, आणि तरच, त्याच्या तिन्ही बाजू समान असतात’ ही रचना दोन्ही दिशा सांगते आणि मराठीही राहते. परिभाषेने तिचाच स्वीकार करावा.