उतारूची साक्ष आणि तांडेलाचे मौन

फेब्रुवारी 1623 मध्ये इराणच्या किनाऱ्याहून आलेल्या एका इंग्रजी जहाजाने सुरतेजवळ सुवाळी येथे नांगर टाकला. त्यातून उतरलेला रोमचा सरदार पिएत्रो देल्ला व्हाल्ले याच्या सामानात एक पेटी होती आणि तीत त्याच्या मृत पत्नीचा, सित्ती मआनीचा, देह जपून ठेवलेला होता. तो रोमला नेऊन पुरावा, एवढ्यासाठी त्याने ही पेटी वर्षानुवर्षे वागवली. नेपल्समधील मित्राला त्याने लिहिलेली हिंदुस्थानातील पत्रे 1892 साली हॅक्लुइट सोसायटीने इंग्रजीत दोन खंडांत पुन्हा छापली. त्यांतील जलप्रवासाचा भाग आम्ही येथे परीक्षणास घेत आहोत.

साक्षीदाराची पहिली कसोटी ही की, त्याने स्वतः पाहिले काय आणि नुसते ऐकले काय. देल्ला व्हाल्ले या कसोटीला बहुतांशी उतरतो. सुरतेच्या वाटेवर त्याने टिपलेला मध्यान्हीचा देखावा तर अविस्मरणीय आहे. सूर्य माथ्यावर आला की इंग्रज अधिकारीच नव्हे, तर जहाजावरची पोरेसुद्धा त्याची उंची मोजण्यास सरसावत. कोणाच्या हाती अ‍ॅस्ट्रोलेब असे, तर कोणाच्या हाती डेव्हिस नामक नाविकाने काढलेले, सूर्याकडे पाठ करून सावलीवरून उंची सांगणारे नवे यंत्र. मग सर्वांची उत्तरे पडताळून पाहत. पोर्तुगीज सुकाणदार मात्र ही विद्या स्वतःपाशीच झाकून ठेवीत, असे तो नमूद करतो. चारचौघांत तपासले जाणारे ज्ञान आणि एकाच्या मुठीत राहणारे ज्ञान यांतला भेद त्याने एका प्रसंगात दाखवून दिला. उलटतपासणीचे मोल जाणणाऱ्या आम्हांस हा उतारा विशेष भावला.

परंतु याच गुणामुळे पुढची उणीव अधिक जाणवते. सुरतेहून दमण, वसई, चौल करीत तो एप्रिलमध्ये गोव्यास पोहोचला. या किनाऱ्यावर व्यापारी गलबते चाच्यांच्या भयाने पोर्तुगीज लढाऊ नौकांच्या पहाऱ्यात, काफिल्याने जात. अशा प्रवासात खंभातच्या आखातातील भरती-ओहोटी, दुपारचा खारा वारा आणि रात्री जमिनीवरून सुटणारा मतलई वारा यांचा मेळ बसवावा लागे. शीड केव्हा चढवावे, रात्र कोणत्या खाडीच्या आडोशाला काढावी, पिंपातले पाणी कसे पुरवावे, हा सगळा हिशेब तांडेलाच्या डोक्यात असे. इंग्रज पोरांचे यंत्र न्याहाळणाऱ्या पत्रलेखकाने या तांडेलाला मात्र बोलते केले नाही. किल्ले, देवळे, पाद्री, राजदरबार सारे आले. गलबत चालवणारा राहिला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात तो गोव्याहून होनावरकडे निघाला, तेव्हा इक्केरीच्या वेंकटप्पा नायकाचा ब्राह्मण वकील ‘वितुला सिनाय’, म्हणजे आपल्या बोलीतला विठ्ठल शेणै, त्या सफरीत होता. त्याचे नाव आपणांस मिळते, कारण तो वकील होता. वल्ही मारणाऱ्यांची नावे मिळत नाहीत.

हा दोष एकट्या देल्ला व्हाल्लेचा नव्हे. आपल्या दर्यावर्दी जीवनाचा इतिहास बहुधा उतारूंनी लिहिला आणि खलाशांनी तो तोंडी जपला. तरी दुसऱ्या पक्षाचे कागद अगदीच नाहीत, असे नाही. सुमारे 1750 च्या गुजराती नकाशाचा व नौकानयनाच्या पोथीचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. या किनाऱ्यावरची माणसे समुद्राची विद्या आपल्या लिपीत उतरवीत होती, याचा तो पुरावाच आहे.

देवस्थानांचे ताळेबंद आपण कापडात बांधून जपतो. एखाद्या घरात गलबताची हिशेबवही, मालाची यादी किंवा तांडेलाची टिपणे असतील, तर तीही तितक्याच आस्थेने जपली पाहिजेत. देल्ला व्हाल्लेची साक्ष आम्ही मौल्यवान मानतो. पण एकाच पक्षाच्या साक्षीवर निकाल देणे न्यायाला धरून होणार नाही.