कमानीत मावेल एवढीच पाटी

डी. एन. रोडवर मी पहिल्यांदा गेलो तो मोबाइलचं कव्हर घ्यायला. जून महिना, बाहेर धो धो पाऊस आणि छत्री लोकलमध्ये विसरलेली. तरीही बोरीबंदरहून फाउंटनपर्यंत बराचसा कोरडा पोचलो. मधल्या गल्ल्या ओलांडताना भिजलो तेवढाच. बाकी डोक्यावर कमानींची पडवी होती. कव्हर तिथेच, एका खांबाला टेकून बसलेल्या माणसाकडे मिळालं.

ही पडवी नियमाने आली, हे मला फार उशिरा कळलं. 1860च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, मग हा हॉर्नबी रोड रुंद झाला. 1896च्या नियमांनी इथे बांधणाऱ्याला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानी ठेवणं भाग पाडलं. वर हवी ती शैली करा, गॉथिक म्हणा, नवअभिजात म्हणा. खालून मात्र माणसाला चालता आलं पाहिजे. एवढा शहाणा नियम मुंबईने नंतर कधी केला असेल, असं मला वाटत नाही.

पुढे याच कमानींवर पाट्या चढल्या. शेजाऱ्याची पाटी सहा फुटांची झाली की आपली आठ फुटांची. खांबाचं कोरीव काम प्लायवुडखाली गेलं, कमानींची अर्धवर्तुळं बॉक्सच्या दिव्यांमागे गेली. 1995 साली मुंबईची वारसा नियमावली आली आणि त्यानंतर या रस्त्यासाठी वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी पाट्यांची आणि दर्शनी भागांची मार्गदर्शक तत्त्वं तयार केली. पाटी कमानीच्या आत बसवायची, दगड झाकायचा नाही. महापालिका त्यात आली, आणि दुकानदार व कार्यालयवाल्यांनी मिळून हेरिटेज माइल असोसिएशन काढली. पुढे या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला.

या प्रकल्पाची मला आवडणारी गोष्ट पुरस्काराच्या बातमीत सहसा नसते. त्याने दुकानदाराकडे त्याच्या आवाक्यातलंच मागितलं. जुन्या भाडेनियंत्रणामुळे मुंबईत मालकाला भाडं नाममात्र, म्हणून दुरुस्तीत रस नाही. भाडेकरूची इमारत नाही, म्हणून तो खर्च करत नाही. छत गळतंय ते गळतंच. पण पाटी? ती दुकानदाराची स्वतःची. अडचण एकच: एकट्याने लहान केली तर तो एकटाच दिसेनासा होणार. सगळ्यांनी केली तर कुणाचंच नुकसान नाही. हे पटवायला एखादी नोटीस पुरत नाही, दुकानादुकानांत जाऊन चहा प्यावा लागतो. काळा घोड्याशी तुलना करा. तिथे 1998मध्ये संघटना झाली, 1999पासून कला महोत्सव सुरू झाला, गर्दी आली, पैसाही आला. आणि आज तिथे कॉफी प्यायची तर आधी खिसा चाचपावा लागतो. डी. एन. रोडवर अजून चष्मा, छपाई, स्टेशनरी अशी कामं घेऊन येता येतं. बाजार जिवंत राहणं म्हणजे माझ्या लेखी हेच.

आता तक्रार. माझा मामा पेंटर होता, पाट्या रंगवणारा. ज्या पाट्यांना वारसावाले 'बकालपणा' म्हणतात, तसल्या पाट्यांवर आमच्या आजोळची चूल चालली. त्यामुळे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो शेजारी ठेवले की मला 'आधी'कडेच जरा जास्त वेळ बघावंसं वाटतं. मामाला मात्र तसलं काही वाटत नाही. तो म्हणाला, "अक्षर नीट असेल तर पाटी मोठी कशाला लागते? आमचा धंदा फ्लेक्सने खाल्ला, कमानीने नाही." मी वाद घालायला गेलो होतो, गप्प बसलो.

पण एक मुद्दा मी सोडणार नाही. हे सगळं सौंदर्य समोरच्या फुटपाथवर उभं राहून पाहायचं सौंदर्य आहे. पडवी मात्र आतून वापरायची वस्तू आहे, आणि आत दुकानदाराइतकाच फेरीवाला आहे. परफ्यूम, बेल्ट, जुनी पुस्तकं, माझं कव्हर. नियमावली पाटीशी बोलते. ज्याच्याकडे पाटीच नाही त्याच्याशी ती काय बोलणार? 2014च्या फेरीवाला कायद्याने शहर समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांचे हवेत असं सांगितलं. रस्त्याचा वारसा ठरवतानाही त्यांना निदान एक खुर्ची द्यायला हवी. चालायला जागा सुटलीच पाहिजे, ती तर 1896चीच अट आहे. पण कुठल्या खांबापाशी किती जागा सोडायची, हे तिथे रोज बसणाऱ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?

शिवाय हा रस्ता माणसं आणि नावं बदलतच टिकलाय. व्हाइटअवे लेडलॉच्या साहेबी दुकानाच्या इमारतीत पुढे खादी विकली गेली. गव्हर्नर हॉर्नबीचं नाव जाऊन, इंग्रज इथून किती संपत्ती नेतात त्याचा हिशेब मांडणाऱ्या दादाभाईंचं आलं. बाबासाहेबांनी काढलेलं सिद्धार्थ कॉलेज याच रस्त्यावर भरतं. अशा रस्त्याचं कुठलं एक साल 'मूळ' धरायचं?

2022च्या दुरुस्तीनंतर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मग घाईघाईने देवनागरी आली. कमान तेवढीच, तिच्यात आता दोन लिप्या.

गेल्या महिन्यात मामाला घेऊन गेलो. एका दुकानासमोर तो थांबला, चष्मा वर केला. पाटीवरची वेलांटी वरच्या कडेला दाबून चपटी झाली होती. "जागा मोजलीच नाही," म्हणाला, आणि ती कशी घ्यायला हवी होती ते बोटाने हवेत काढून दाखवलं. खांबापाशी बसलेला घड्याळवाला हातातलं काम थांबवून बघत होता. त्याने विचारलं, "काका, माझ्या पेटीवर नाव घालाल का?"

मामाने पेटीची लांबी वितीने मोजली.