चिनी, पोर्सेलीन आणि फ्रेंच भोजनपात्रे

बशी फ्रान्समध्ये घडलेली असली, तरी नांदेड-लातूरच्या मराठीत ती ‘चिनी मातीची’च ठरते. यात चूक नाही. देशाचे नाव द्रव्याचे नाव झाले आहे. युरोपीय भाषांनी त्याच द्रव्याला कवडीवाचक इटालियन शब्दावरून ‘पोर्सेलीन’ म्हटले. एका नावात उगम आहे, दुसऱ्यात कांती. वस्तू कोणी, केव्हा व कशासाठी घडविली, हे मात्र दोन्ही नावे सांगत नाहीत. जुन्या फ्रेंच भोजनपात्रांच्या संग्राहकाची कसोटी येथेच लागते.

१९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे या विषयाचे निकटचे उदाहरण हैदराबादचे सालारजंग संग्रहालय होय. तिसरे सालारजंग मीर यूसुफ अली खान (१८८९–१९४९) यांच्या संग्रहातून ते १९५१ मध्ये उभे राहिले. सेव्र येथील पोर्सेलीनही त्यात आहे.

हा कारखाना १७४० मध्ये व्हँसेन येथे निघाला व १७५६ मध्ये सेव्रला हलला. १७५३ पासून त्याच्या मुद्रेत, गुंफलेल्या दोन ‘एल्’ अक्षरांसमवेत, वर्षदर्शक अक्षर येऊ लागले. तथापि मुद्रा म्हणजे प्रमाण नव्हे. तिचे अनुकरण पुष्कळ झाले. कठीण पोर्सेलीनला लागणारे केओलिन लिमोजजवळ १७६८ च्या सुमारास सापडले. तत्पूर्वी सेव्रचे द्रव्य मृदू होते. म्हणून कठीण द्रव्यावर १७६० चे अक्षर आढळल्यास मुद्रेवर अविश्वास दाखविणेच प्राप्त होते. पोथीच्या पुष्पिकेतील शक तिच्या भाषेशी ताडून पाहावा, तसाच हा प्रकार.

परंतु कालनिश्चिती म्हणजे अर्थनिश्चिती नव्हे. पंगतीच्या पानात मीठ, चटणी, कोशिंबीर डावीकडे व भाजी उजवीकडे असते. स्थानावरून पदार्थाचे कार्य कळते. अठराव्या शतकातील फ्रेंच मेजावरही अनेक पदार्थ एकाच वेळी समतोल मांडणीने येत. ते क्रमाक्रमाने वाढण्याची रशियन रीत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. संचातील पात्रांचे आकार व त्यांची संख्या या रीतींवर अवलंबून असत. संच फोडून त्यातील देखणे नग तेवढे जपणारा संग्राहक वाक्य मोडून शब्द वेचतो. त्याच्या कपाटात कोश तयार होतो, भाषा उरत नाही.

झिलईवरील सुरीचे ओरखडे बाजारात किंमत उतरवितात. अभ्यासकाला मात्र ते वापराचा पुरावा देतात. हा पुरावा व संचातील नात्यांची नोंद जो संग्रह राखतो, तोच संशोधनाच्या उपयोगी पडतो. इतर संग्रह केवळ शोभेचे ठरतात.