जेवताना बघायचं गोकुळ

मराठी समीक्षेकडे ‘उत्कृष्ट’साठी पुष्कळ शब्द आहेत आणि ‘टाकाऊ’साठी त्याहून जास्त. मधल्या विस्तीर्ण प्रदेशासाठी मात्र ‘बरं आहे’ यापलीकडे फारसं काही नाही. दूरचित्रवाणीवरच्या विनोदी मालिका बहुतांशी याच प्रदेशात राहतात. जेवताना, भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना त्या समोर चालू असतात. कुणी त्यांच्यावर जीव ओवाळून टाकत नाही आणि कुणी उठून बंदही करत नाही. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही त्यांतली कमालीची दीर्घायुषी मालिका. २८ जुलै २००८ रोजी ती सब वाहिनीवर सुरू झाली आणि तिनं चार हजारांहून अधिक भाग ओलांडले. मी ती बरीच पाहिली आहे, आवडीनं पाहिली आहे आणि ती सुमार आहे असं माझं मत आहे. या तीन गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे इथे पाहायचं आहे.

सुरुवात तिच्या रचनेपासून करू. जेठालालच्या कानावर काहीतरी अर्धवट पडतं. कॅमेरा उपस्थित प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकेकदा जातो, प्रत्येक चेहऱ्याला स्वतंत्र ‘ढँण’ मिळतो. मग जेठालाल तीच गोष्ट मनातल्या मनात, पण आपल्याला ऐकू येईल अशी बोलतो. नंतर तो ती तारक मेहताला सांगतो. एकच माहिती तीन वेळा येते. नाट्यलेखनाच्या वर्गात याला दोष म्हणतील. पण ओट्याशी पोळ्या लाटणाऱ्या माणसाच्या बाजूनं पाहिलं तर ही सोय आहे. ही मालिका कानांनी बघता येते. मधली दहा मिनिटं हुकली तरी काही हुकत नाही. शिवाय हमी आहे: पोपटलालचं लग्न जुळणार नाही, गडा इलेक्ट्रॉनिक्सचा व्यवहार फसता फसता सावरेल आणि शेवटी सगळे कंपाउंडमध्ये जमतील. दिवसभर अनिश्चिततेत काढलेल्या माणसाला अशी हमी हवीशी वाटते. तिची टिंगल करणारी समीक्षा बहुधा स्वयंपाकघराबाहेर बसून लिहिलेली असते.

मात्र ही हमी कशाच्या मोबदल्यात मिळते, हे पाहायला मालिकेच्या मुळाशी जावं लागतं. तारक मेहता हे गुजरातीतले मोठे विनोदी लेखक. ‘दुनिया ने ऊंधा चश्मा’ हे त्यांचं सदर ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात १९७१ साली सुरू झालं. त्यातली मंडळी मुंबईच्या चाळीतली. मालिकेनं त्यांना गोरेगाव पूर्वेच्या ‘गोकुळधाम’ नावाच्या सोसायटीत आणलं. मराठी वाचकाला या स्थलांतराचा अर्थ चटकन कळावा, कारण ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) त्याच्या रक्तात आहे. चाळीत विनोद पिकतो तो घसटीतून. नळ एक, संडास मोजके, गॅलरी सगळ्यांची. तिथे दोन माणसांचे हितसंबंध खरोखरच एकमेकांना आडवे येतात. म्हणूनच पु. लं.ना त्या पुस्तकाचा शेवट चिंतनानं करता आला. हसवणाऱ्या गोष्टीखाली काहीतरी गमावण्यासारखं होतं.

सोसायटीत प्रत्येकाचं दार बंद होतं. घसट संपते, मग भांडण आणायचं कुठून? मालिकेनं शोधलेलं उत्तर म्हणजे गैरसमज. कुणी अर्धं ऐकलं, कुणी भलतीच पिशवी उचलली, कुणी सांगायचं ते सांगितलं नाही. संघर्ष आणि गैरसमज यांत मूलभूत फरक आहे. संघर्षात दोन्ही बाजूंना काहीतरी हवं असतं आणि दोघांनाही ते मिळणं शक्य नसतं. गैरसमज मात्र कुणीतरी तोंड उघडलं की मिटतो. गोकुळधामचा सगळा सुखदपणा या एका अदलाबदलीवर उभा आहे. तिथे कुणाचंच हित कुणाच्या आड येत नाही.

आता भाषेकडे येऊ. बहुभाषिक वाचकांना या मालिकेत रस वाटावा तो इथे. प्रत्येक घर एका प्रांताचं: कच्छी-गुजराती गडा, तमिळ अय्यर आणि त्याची बंगाली बायको बबिता, शीख सोढी आणि त्याची पारशी रोशन, मराठी भिडे. सगळे हिंदी बोलतात, प्रत्येकाच्या हिंदीवर आपापल्या भाषेची फोडणी. आत्माराम तुकाराम भिडे हा रत्नागिरीचा, शिकवण्या घेणारा, काटकसरी, ‘सखाराम’ नावाच्या स्कूटरवर जीव टाकणारा, सोसायटीचा ‘एकमेव सेक्रेटरी’. मंदार चांदवडकरांनी त्याची कोरडी शिस्त आणि दुखावलेला मानीपणा नेमका पकडला आहे. असा मास्तर आपण प्रत्येकानं पाहिलेला असतो. पण त्याचं मराठीपण ‘एकमेव’सारख्या एखाद्या शब्दापुरतं आणि बायकोच्या लोणच्या-पापडांपुरतं उरतं. २०१९मध्ये मालिका मराठीत ‘गोकुळधामची दुनियादारी’ म्हणून आली. सगळेच मराठी बोलू लागले की भिड्यांचं वेगळेपण काय? ज्या फोडणीवर पात्र उभं होतं, ती भाषांतरात पहिल्याच फटक्यात उडते. बहुभाषिकता स्वभावात मुरलेली असती तर काहीतरी शिल्लक राहिलं असतं.

मार्च २०२०मध्ये याचीच परीक्षा झाली. सोसायटीच्या फळ्यावर सुविचार लिहिला जातो. तो हिंदीत का, याचं कारण देताना एका भागात चंपकलाल मुंबईची सर्वसामान्य भाषा हिंदी असल्याचं म्हणून गेले. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेनं जोरदार आक्षेप घेतला, निर्मात्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि मालिकेतूनच दुरुस्ती झाली. कोण बरोबर, हा माझा मुद्दा नाही. माझा मुद्दा असा की, इतक्या वर्षांत एक खराखुरा प्रश्न फाटकातून आत आला होता: अनेक भाषांच्या माणसांनी एका फळ्यावर कुठल्या भाषेत लिहायचं? भिडे आणि चंपकलाल यांचं यावर मनापासून, प्रेमानं, कडाडून भांडण व्हायला हवं होतं. विनोदी लेखकाला यापेक्षा चांगलं कथाबीज मिळत नाही. पण मालिकेच्या पेटीत हत्यार एकच होतं. तिनं या प्रश्नालाही गैरसमज मानलं, खुलासा केला आणि पुढे गेली.

हा सुखदपणा कुणाच्या वाट्याला किती येतो, हेही पाहावं. अय्यरच्या काळ्या रंगावरचे टोमणे वर्षानुवर्षं विनोद म्हणून चालतात. अब्दुल सगळ्यांचा लाडका, पण त्याचं दुकान फाटकाबाहेर आणि गोकुळधामात त्याचं घर नाही. मालिकेत द्वेष नाही, हे मी मान्य करतो. उलट ती सलोख्याचा सतत जप करते. फक्त अब्दुलला आत फ्लॅट घ्यायचा असेल तर काय होईल, हा भाग तिला लिहिता येणार नाही. तिथे कुणाचं तरी हित कुणाच्या तरी आड येईल.

यावर एक आक्षेप येईल: जेवताना बघायच्या मालिकेकडून इतकी अपेक्षा का? उत्तर म्हणून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ समोर ठेवतो. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वर आधारलेली, केदार शिंदेंनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००१मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली. तीही जेवताना बघण्याचीच. तिच्यातही कुणी मरत-मारत नव्हतं आणि तिलाही कुणी महान कलाकृती म्हटलं नाही. पण त्या एका घरात तीन पिढ्या होत्या आणि प्रत्येकीचं म्हणणं थोडं थोडं खरं होतं. आबांचं मराठी वेगळं, शेखरचं वेगळं, शिऱ्याचं तर फारच वेगळं. भाग संपताना कुणीतरी थोडं हरलेलं असायचं आणि आपल्याला ते चाललं होतं. शिवाय ती लोकांना हवीशी असतानाच थांबली.

गोकुळधामला थांबता येत नाही. २०१७मध्ये दिशा वकानी गेल्यावर दया वर्षानुवर्षं ‘येणार’ राहिली. टप्पू बदलला, मेहता बदलले, नट्टू काका साकारणारे घनश्याम नायक २०२१मध्ये गेले. पडद्यावरची माणसं म्हातारी होत होती आणि कथा मात्र काल जिथे होती तिथेच. ज्या जगात काहीच बिघडत नाही, त्या जगाला शेवट लिहिता येत नाही, कारण शेवट म्हणजे कुणीतरी काहीतरी सोडणं.

सुमारपणाबद्दल माझी तक्रार नाही. थकलेल्या माणसाला सुमार, उबदार, ओळखीचं काहीतरी लागतं आणि ते पुरवणं हे प्रतिष्ठेचं काम आहे. तक्रार एवढीच की, आपल्याला विश्रांती हवी होती आणि तिच्या नावाखाली मतभेदच काढून घेतले गेले. अनेक भाषांच्या शेजाऱ्यांना फळ्यावरून भांडता येईल आणि तरीही आपला घास घशात अडकणार नाही, अशी मध्यम दर्जाची मालिका लिहिता येते. टिपऱ्यांनी एका घरापुरती ती लिहून दाखवली होती. अख्ख्या सोसायटीसाठी ती अजून कुणी लिहिलेली नाही.