'ख्रिस्तपुराणा'तील निर्भय स्तुती

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चे नाव आपल्याकडे बहुधा एकाच कारणाने घेतले जाते : एका इंग्रज येशूसंघीयाने मराठीचे गुणगान केले. मोगरा, कस्तुरी, मोर यांच्या उपमांनी नटलेल्या त्या ओव्या भाषणांतून आणि लेखांतून सतत भेटतात. त्यांचे कौतुक आम्हांसही आहे. परंतु सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातून तेवढाच वेचा उचलणे म्हणजे देवळात जाऊन दरवाजावरचे नक्षीकाम तेवढे पाहून परतणे होय. ग्रंथ रचला गेला तो तारणाची वार्ता सांगण्यासाठी, आणि कवीने हा हेतू कोठेही झाकून ठेवलेला नाही.

1579 साली गोव्यात उतरलेल्या या धर्मगुरूचा ग्रंथ 1616 साली साष्टीतील राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. त्याचा आरंभ पाहावा. मराठी संतकवी नमनाने ग्रंथ उघडतात, त्याच रीतीने फादर स्टीफन्स पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना वंदन करतात. आधी स्तुती, मग कथा. स्वर्गाला ते 'वैकुंठ' म्हणतात. ही तडजोड आहे असा आक्षेप घेतला जातो. आम्हांस तो पटत नाही. अथेन्सच्या लोकांपुढे उभे राहिलेल्या संत पौलाने अज्ञात देवाच्या वेदीपासूनच बोलण्यास सुरुवात केली नव्हती काय? ऐकणाऱ्याच्या ओठांवरचा शब्द घेऊन त्यात ख्रिस्ताचे नाव स्पष्टपणे उच्चारणे हे भित्र्याचे काम नव्हे.

तरीही एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. पुराणाच्या प्रारंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण विनवितो की, जुनी पुराणे आता आम्हांस वर्ज्य झाली, तर त्यांच्या जागी दुसरे काही द्या. या विनंतीमागे मोठी वेदना आहे. 1567 च्या सुमारास साष्टीतील मंदिरे पाडली गेली होती. राज्यसत्ता पाद्रींच्या पाठीशी होती. सत्तेच्या छायेत केलेल्या घोषणेला निर्भय म्हणावे काय? आमच्या मते कवीचे धैर्य अन्यत्र आहे. जेत्यांची भाषा हाताशी असताना त्याने ती बाजूस ठेवली आणि जितांच्या छंदापुढे विद्यार्थी होऊन बसला. मूर्तिपूजेवर कोरडे ओढणारे त्याचे भाग मात्र आज वाचताना खटकतात, आणि काव्य म्हणूनही तेच सर्वांत फिके आहेत. जेथे तो खंडन करतो तेथे ओवी जड होते. जेथे तो नुसती स्तुती करतो तेथे ती आपोआप गाऊ लागते. 'दुसऱ्या पुराणा'तील ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा भाग वाचून पाहावा, म्हणजे आमचे म्हणणे ध्यानी येईल.

1684 साली स्थानिक भाषेवर बंदी घालणारा हुकूम निघाला. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी लोकांनी हस्तलिखिते जपली, आणि त्यांवरून 1907 साली मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला गेला.

आणि आम्ही? शेजाऱ्याने सहज विचारले, "तुमच्या सणाचा अर्थ काय हो?", तर आम्ही नाताळच्या फराळाचे ताट पुढे करतो आणि विषय बदलतो. कोणाच्या भावना दुखावू नयेत ही काळजी योग्यच आहे. पण पुष्कळदा ती काळजी नसते, संकोच असतो. आमच्या प्रार्थनांची मराठीही अनेकदा अशी भाषांतरी की घरातल्या घरात मोठ्याने म्हणायलाही जीभ अडखळते.

1956 साली शांताराम बंडेलू यांनी हे पुराण देवनागरीत आणले, तेव्हा लिपीची सबब उरलेली नाही. जुने शब्द अडतात, हे खरे. दुःखसहनाच्या शे-दोनशे ओव्या निवडून, कठीण शब्दांचे अर्थ देऊन, प्रायश्चित्तकाळात घरोघरी गाता येईल अशी लहानशी पुस्तिका एखाद्या धर्मग्रामाने काढली, तर तिची पहिली प्रत आम्हांस हवी आहे.