ट्रेसी चॅपमन यांचा पहिला गीतसंग्रह (१९८८) : एक आस्वादक समीक्षा

प्रस्तावना

आफ्रिकन-अमेरिकन साहित्य आणि मराठी साहित्य यांचे नाते नवे नाही. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले होते. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा साक्षेपी परिचय मराठी वाचकांना करून दिला. मात्र या समाजाच्या कविता, कादंबऱ्या व आत्मचरित्रे यांकडे जेवढे लक्ष गेले, तेवढे त्यांच्या गाण्यांकडे गेले नाही. विशेषतः ज्याला 'पॉप' म्हटले जाते ते संगीत करमणुकीचे म्हणून अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिले. प्रस्तुत लेखात ट्रेसी चॅपमन या गायिकेच्या, तिचेच नाव धारण करणाऱ्या पहिल्या गीतसंग्रहाची गीतनिहाय समीक्षा करण्याचा प्रयत्न केला आहे. हा संग्रह प्रस्तुत लेखकाच्या विशेष आवडीचा आहे, हे आरंभीच नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. शालेय वयात मामांच्या कपाटातील एका कॅसेटवर तो प्रथम ऐकला, तेव्हा शब्द निम्मेही समजले नव्हते. आवाज मात्र समजला होता.

पार्श्वभूमी

चॅपमन यांचा जन्म १९६४ साली ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे झाला. आईवडील विभक्त झाल्यावर आईनेच त्यांना वाढविले. शिष्यवृत्तीच्या बळावर त्या कनेक्टिकट राज्यातील एका निवासी शाळेत आणि पुढे टफ्ट्स विद्यापीठात गेल्या. तेथे त्यांनी मानववंशशास्त्राची पदवी घेतली. हार्वर्ड चौकात रस्त्याच्या कडेला उभे राहून त्या गात असत. एका सहाध्यायाच्या प्रयत्नाने त्यांचे गाणे इलेक्ट्रा या कंपनीपर्यंत पोहोचले व डेव्हिड केर्शनबॉम यांच्या निर्मितीखाली एप्रिल १९८८ मध्ये हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात एकूण अकरा गीते असून सर्वांची शब्दरचना व स्वररचना चॅपमन यांचीच आहे. पूर्ण संग्रह ऐकावयास पाऊण तासही लागत नाही.

तो काळ सिंथेसायझरचा आणि यांत्रिक तालाचा होता. अशा वेळी एक कृष्णवर्णीय तरुणी केवळ लाकडी गिटार घेऊन गरिबीविषयी गाते, हे बाजाराच्या कोणत्याच कप्प्यात बसणारे नव्हते. ११ जून १९८८ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर नेल्सन मंडेला यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त मोठी मैफल झाली. मंडेला त्या वेळी तुरुंगातच होते. स्टीव्ही वंडर यांच्या वाद्यसामग्रीत ऐन वेळी अडचण उद्भवली आणि ती पोकळी भरून काढण्यासाठी, दुपारी एकदा गाऊन गेलेल्या चॅपमन यांना पुन्हा रंगमंचावर बोलाविण्यात आले. त्यानंतर संग्रहाचा खप झपाट्याने वाढला व ऑगस्टमध्ये तो अमेरिकेतील यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचला. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या जागतिक दौऱ्यात त्या दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर गायल्या, ही बाब आपल्याकडे फारशी स्मरणात राहिलेली नाही.

पहिली बाजू

संग्रहाचा प्रारंभ 'टॉकिन् बाउट अ रेव्होल्यूशन' या गीताने होतो. बेकारीच्या आणि धर्मादाय मदतीच्या रांगांत उभी असलेली माणसे क्रांतीविषयी बोलू लागली आहेत, एवढाच त्याचा आशय. चॅपमन यांनी हे गीत शाळकरी वयात लिहिले आणि ते जाणवते. त्यातील श्रद्धा निरागस आहे व युक्तिवाद जवळपास नाही. परंतु गायिका घोषणा देत नाही. क्रांतीचा उच्चार ती हळू आवाजात करते. ज्या विषयावर आपल्याकडे शाहिराचा पहाडी आवाज अपेक्षित असतो, तेथे ही कुजबूज येते आणि म्हणूनच ती विश्वासार्ह वाटते. संग्रहातील हे सर्वोत्तम गीत नव्हे, पण प्रवेशद्वार म्हणून त्याची निवड अचूक आहे.

दुसरे गीत 'फास्ट कार'. संग्रहाची कीर्ती मुख्यतः याच गीतावर उभी आहे आणि ती रास्त आहे. मद्यपी बापाची शुश्रूषा करण्यासाठी शाळा सोडलेली एक मुलगी, तिला सोडून गेलेली आई, एक जोडीदार आणि त्याची वेगवान मोटार. दोघे शहरात जातात, ती दुकानात नोकरी धरते, दिवस पालटतील अशी आशा बाळगते. शेवटी घर तिच्याच पगारावर चालू लागते आणि जोडीदार मात्र तिच्या बापाच्याच वाटेने निघतो. म्हणजे मोटार धावत राहते, माणसे तेथेच राहतात. गिटारवरील एक लहानशी स्वराकृती आरंभापासून अखेरपर्यंत जवळजवळ न बदलता फिरत राहते, तिचे प्रयोजन हेच आहे.

या गीताच्या रचनेकडे बारकाईने पाहिले पाहिजे. पॉप गीतात ध्रुवपद लवकर यावे, असा संकेत असतो. येथे ते बराच काळ येतच नाही. कडव्यांमागून कडवी जातात आणि मग अचानक डेनी फाँगहायझर यांचे ड्रम्स सुरू होतात. गीत वर्तमानातून आठवणीत जाते, मोटारीतील एका रात्रीच्या आठवणीत. ध्रुवपदाचे शब्द प्रत्येक वेळी तेच असतात, पण दरम्यान कथा पुढे सरकलेली असल्याने त्यांचा अर्थ बदलतो. प्रथम ते सुख असते, अखेरीस त्या सुखाचा पुरावा तेवढा उरतो.

याहून सूक्ष्म बदल सर्वनामांत आहे. दोघांनी मिळून निसटण्याचा निर्णय घ्यायचा आहे, असे सुरुवातीला नायिका म्हणते. शेवटच्या वेळी जवळपास तेच वाक्य ती पुन्हा उच्चारते, परंतु आता निर्णय एकट्या जोडीदाराने घ्यायचा असतो. 'आपण'चे 'तू' होते. मराठीला 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद उपलब्ध आहे. त्यामुळे हा बदल मराठी कानाला अधिक तीव्रतेने जाणवावा. ऐकणारा ज्यात सामावलेला आहे असे ते 'आपण' शेवटी मोडते, आणि नायिका कोणताही आरोप न करता त्याला दार दाखवते.

येथे एक अडचणही नोंदविली पाहिजे. इंग्रजीत द्वितीयपुरुषी सर्वनामाला आणि क्रियापदाला लिंग नसल्यामुळे हा जोडीदार पुरुष आहे की स्त्री, हे गीत कोठेही सांगत नाही. वर आपण 'त्याची मोटार' असे लिहून गेलोच. मराठीत अनुवाद करताना 'पितोस' किंवा 'पितेस' यांपैकी एक लिहावेच लागते आणि मूळ गीताने मोकळी ठेवलेली जागा बंद होते.

२०२३ साली ल्यूक कोम्ब्स या श्वेतवर्णीय कंट्री गायकाने हे गीत पुन्हा गायिले. नायिकेच्या नोकरीचा स्त्रीलिंगी उल्लेख त्याने बदलला नाही, ही गोष्ट त्याच्या समजुतीची द्योतक आहे. त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्तम गीताचा पुरस्कार चॅपमन यांना गीतकार म्हणून मिळाला. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय गीतकार होत. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी ग्रॅमी सोहळ्यात दोघांनी ते एकत्र गायिले. गीत पस्तीस वर्षे जुने झाले, तरी श्रोत्यांना ते जुने वाटले नाही. हा गीताचा गौरव आहे आणि त्या समाजव्यवस्थेविषयी काही सांगणाराही आहे.

'अक्रॉस द लाइन्स' हे तिसरे गीत वांशिक दंगलीविषयी आहे. रेल्वेचे रूळ शहराची दोन भागांत विभागणी करतात, एका कृष्णवर्णीय मुलीवर हल्ला होतो, दंगल उसळते आणि अखेरीस दोष त्या मुलीवरच ठेवला जातो. शाळांमधील वर्णभेद दूर करण्यासाठी मुलांना बसमधून दुसऱ्या वस्तीतील शाळांत नेण्याच्या निर्णयावरून १९७४ नंतर बोस्टनमध्ये झालेला हिंसाचार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चित्र अतिशयोक्त वाटणार नाही. आपल्याकडेही रूळ, ओढा किंवा वेस ओलांडली की गाव बदलते, हे सांगावयास नकोच. तरीही हे गीत वार्तापत्रासारखे वाटते. मुलीला नाव नाही, चेहरा नाही. 'फास्ट कार'मधील नायिका जशी मनात घर करते, तशी ही करीत नाही.

चौथे गीत 'बिहाइंड द वॉल' या संग्रहाचा गाभा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दोन मिनिटांहूनही लहान असलेल्या या गीतात एकही वाद्य नाही. केवळ आवाज आहे. भिंतीपलीकडे रात्री स्त्रीला मारहाण होते, शेजारीण जागी असते, पोलीस उशिरा येतात आणि घरगुती बाबीत हस्तक्षेप करता येत नाही असे सांगून निघून जातात. मग एका रात्री किंकाळीनंतर शांतता पसरते, रुग्णवाहिका येते आणि पोलीस जमलेल्या लोकांना पांगवतात. दोन ओळींमधली शांतता येथे भिंतीचे काम करते.

आपल्याकडे वाद्याविना गायिलेल्या स्त्रीगीताची सर्वांत समृद्ध परंपरा जात्यावरच्या ओवीची आहे. पण ओवीत सासुरवाशीण स्वतःचे दुःख स्वतः सांगते आणि जात्याची घरघर तिला साथ देते. येथे सांगणारी बळी नाही, साक्षीदार आहे आणि साथीला काहीच नाही. पीडित स्त्रीच्या मनात काय चालले आहे, हे गायिका एका शब्दानेही सांगत नाही, कारण भिंतीपलीकडून ते कळणे शक्यच नसते. सहानुभूतीच्या नावाखाली दुसऱ्याचे दुःख आपल्या तोंडी घेण्याचा मोह तिने टाळला आहे. हा संयम सामाजिक आशयाच्या साहित्यात, आपल्याही, क्वचितच आढळतो.

तथापि एक प्रश्न उरतो. आमच्या महाविद्यालयात द्वितीय वर्षाच्या वर्गात हे गीत ऐकविले असता एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ही बाई दार का वाजवत नाही?" वर्ग शांत झाला. लेखकापाशी त्या दिवशी उत्तर नव्हते. आपल्या देशात भारतीय दंड संहितेचे ४९८-अ हे कलम १९८३ साली आले आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्या कायद्यानुसार हिंसाचाराची माहिती कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास देऊ शकते, म्हणजे शेजारीणसुद्धा. परंतु ती मुलगी कायद्याविषयी विचारीत नव्हती. पुढे पुन्हा ऐकताना वाटले की गीत गायिकेला निर्दोष ठरवतच नाही. ती पोलिसांना दोष देते, पण झोप न लागल्याचेही कबूल करते. ती जाग म्हणजे स्वतःविरुद्धची साक्ष आहे. वाद्यांची साथ दिली असती, तर श्रोता संगीतात आश्रय घेऊ शकला असता. ते दारही येथे बंद केलेले आहे.

अशा गीतानंतर काय ठेवावे? चॅपमन यांनी 'बेबी कॅन आय होल्ड यू' हे प्रेमगीत ठेवले. क्षमा, प्रेम यांसारखे साधे शब्द ज्या व्यक्तीला वेळेवर उच्चारता येत नाहीत, तिच्याविषयीचे हे गीत पुढे १९९७ मध्ये बॉयझोन या गटाने गाऊन लोकप्रिय केले. त्यांच्या आवृत्तीत ते गोड झाले. मूळ गीत गोड नाही. आधीच्या गीताला लागून ऐकले म्हणजे न उच्चारलेल्या क्षमेला वेगळीच धार येते.

दुसरी बाजू

दुसऱ्या बाजूकडे समीक्षकांचे बहुधा दुर्लक्ष होते आणि ते काही अंशी योग्यही आहे. 'माउंटन्स ओ थिंग्ज' या गीतात वस्तूंचे डोंगर जमविण्याचे स्वप्न पाहणारी व्यक्ती बोलते. उपरोध चांगला साधला आहे, पण तालवाद्यांच्या गुंजनात तो थोडा लांबतो. 'शीज गॉट हर टिकेट' या गीतात एक मुलगी घर सोडून निघते. रेगे पद्धतीची लय श्रवणीय आहे, मात्र 'फास्ट कार'ने निसटून जाण्याची जी किंमत दाखविली ती पाहिल्यावर हे उड्डाण फार स्वस्त वाटते.

'व्हाय?' हे गीत प्रश्नांची मालिका आहे. अन्न असून भूक का, स्त्री आपल्याच घरात सुरक्षित का नाही, क्षेपणास्त्रांना शांततेचे नाव का? यांपैकी शेवटचा प्रश्न काल्पनिक नाही. १९८६ साली अमेरिकेने तैनात केलेल्या एम.एक्स. क्षेपणास्त्राचे अधिकृत नावच 'पीसकीपर' म्हणजे शांतिरक्षक असे होते. तरीही हे संग्रहातील सर्वांत कमकुवत गीत म्हणावे लागेल. 'बिहाइंड द वॉल'ने जो प्रश्न न विचारता अंगावर काटा आणला, तोच येथे विचारून टाकल्यामुळे निष्प्रभ होतो.

'फॉर माय लव्हर' मात्र उपेक्षेस पात्र नाही. प्रेमाखातर कोणी व्हर्जिनियाच्या तुरुंगात दिवस काढते आणि जगाच्या दृष्टीने वेडे ठरते. त्या प्रेमात अपराध कोणता, हे गीत सांगत नाही. व्हर्जिनिया हे नाव सहज आलेले नसावे. भिन्नवर्णीय विवाहाबद्दल १९५८ मध्ये याच राज्यात लव्हिंग दांपत्याला अटक झाली होती आणि त्यांच्याच खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द केले. हे प्रेम भिन्नवर्णीय असेल, समलिंगी असेल किंवा आणखी काही. येथेही जोडीदाराचे लिंग अनुक्त आहे. जातीबाहेर प्रेम केल्याबद्दल मुलामुलींचे जीव घेतल्याच्या बातम्या वाचणाऱ्या मराठी श्रोत्याला संदर्भ शोधत फार दूर जावे लागणार नाही.

'इफ नॉट नाऊ' हे प्रेमात विलंब नको असे सांगणारे नीटस गीत आहे. त्याहून अधिक काही नाही.

अखेरचे गीत 'फॉर यू'. ड्रम्स पुन्हा नाहीत. आवाज आणि गिटार, हार्वर्ड चौकात असेल तेवढेच. भावनेसाठी शब्द अपुरे पडतात अशी कबुली गायिका देते. 'बेबी कॅन आय होल्ड यू'मध्ये शब्द न सापडणारी व्यक्ती समोरची होती, येथे ती स्वतःच आहे. या गीताला शिखर नाही, मोठा शेवटही नाही. मामांच्या त्या कॅसेटवर ते संपल्यानंतर फीत बराच वेळ कोरी फिरत राही आणि आम्ही ती लगेच बंद करीत नसू.